जुन्या डेस्कटॉपवर रंगीत चौकोन येतात, मग स्क्रीन काळी पडते. ग्राफिक्स कार्ड खरंच गेलंय का?

तुम्ही लिहिलंय की मशीन 2015 चं आहे, आय5-4460 प्रोसेसर आणि जीटीएक्स 960 कार्ड. गेम सुरू करून थोडा वेळ झाला की रंगीत चौकोन दिसतात, स्क्रीन काळी पडते, कधी मशीनच रीस्टार्ट होतं. आणि दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच 'कार्ड गेलं, नवीन घ्या' असं सांगितलं. कार्ड खराब असूही शकतं. पण तुमच्या लक्षणांत दोन वेगळे आजार मिसळलेले दिसतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. फोटो आणि फायली हार्ड डिस्कवर आहेत, त्यांचा कार्डाशी संबंध नाही, तेव्हा ती काळजी आधी सोडा.

पहिली गोष्ट, चौकोन कुठे दिसतात ते नीट बघा. मशीन सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग स्क्रीन) जा आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. तिथे विंडोज नाही, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर नाही. तिथेही ठिपके किंवा उभ्या रेषा आल्या, तर ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. विंडोजमध्ये चौकोन दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. स्क्रीनशॉटमध्येही चौकोन असतील तर चित्र कार्डाच्या आतच बिघडतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर आधी केबल बदला, कार्डाचं दुसरं पोर्ट वापरा, मॉनिटरऐवजी टीव्ही लावून बघा. ही तपासणी फुकट आहे आणि तरी बहुतेक जण ती करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, एचडी 4600. कार्ड पूर्ण काढा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा आणि एक-दोन दिवस नेहमीची कामं करा. या काळात मशीन नीट चाललं तर संशय कार्डावर किंवा त्याला मिळणाऱ्या विजेवर येतो. तरीही रीस्टार्ट झालं तर रॅम, मदरबोर्ड किंवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघावं लागेल. (ज्यांच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्यांना हा मार्ग नाही.)

कार्ड हातात आलंच आहे तर साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. कार्डाच्या सोनेरी कडेवर (जी मदरबोर्डमध्ये बसते) कोरडं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि कण झटकून टाका. मग हीटसिंक, म्हणजे चिपवरचा उष्णता ओढणारा धातूचा भाग, उघडा. इतक्या वर्षांत त्याच्या आणि चिपच्या मधली थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली असण्याची शक्यता दाट आहे. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. कार्ड परत बसवलं की जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून गेममध्ये तापमान बघा. या कार्डाला 80 अंशांच्या आसपास चालतं, 90 च्या वर सतत जात असेल तर पंखा बघा.

आता एसएमपीएस. मला स्वतःला सगळ्यात जास्त संशय इथे आहे, कारण तुम्ही रीस्टार्टचा उल्लेख केलाय. ड्रायव्हर अडकला तर विंडोज साधारण 2 सेकंद वाट बघून तो पुन्हा सुरू करतं; विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) 'डिस्प्ले' नावाने 4101 नंबरची नोंद येते. मशीन झटक्यात बंद होऊन सुरू झालं तर 'कर्नल-पॉवर 41' दिसतं. तुमच्याकडे दुसरी नोंद जास्त वेळा असेल तर वीज आधी तपासा.

एसएमपीएसच्या स्टिकरवर 450 वॅट लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. 12 व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. समजा 16 अँपिअर आहेत, तर 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. तुमचं कार्ड 120 वॅटचं, प्रोसेसर 84 वॅटचा. बेरीज 204 होते, पंखे आणि डिस्क अजून धरलेच नाहीत. ब्राउझर चालवताना यातलं काही जाणवत नाही, गेममध्ये मात्र व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटर असेल तर मशीनवर लोड असताना मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणारा जुन्या पद्धतीचा 4 पिनचा कनेक्टर) पिवळ्या आणि काळ्या तारेमधलं व्होल्टेज मोजा, 11.4 च्या खाली गेलं तर एसएमपीएस बदला. तो उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

कार्डाची 6 पिनची वायर मोलेक्सच्या कन्व्हर्टरवरून आली असेल तर कनेक्टर काढून प्लास्टिक बघा. माझ्या मावसभावाच्या मशीनमध्ये एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून पापुद्र्यासारखं सुटलं होतं. ते कार्ड 'गेलेलं' ठरवून बाजूला ठेवलं होतं. चांगल्या एसएमपीएसवर ते आजही चालतंय.

ड्रायव्हरचं थोडक्यात: सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना साफ करा आणि नव्याने टाका. तेवढं पुरे.

एवढं करूनही चौकोन राहिले तर मेमरीच्या चिप थकल्यात असं समजा. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) मेमरी क्लॉक 300-500 मेगाहर्ट्झने कमी करून बघा. चौकोन गेले तर निदान पक्कं झालं, आणि कार्डाकडून आणखी काही काळ काम घेता येईल.

कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ तुम्हाला दिसतीलच. कृपया ते करू नका. शिसंविरहित सोल्डर वितळायला सुमारे 217 अंश लागतात, आणि लोक ओव्हन साधारण 200 वर ठेवतात; म्हणजे सांधे वितळतच नाहीत. तात्पुरता फरक पडतो तो बहुधा चिपच्या आतले सूक्ष्म जोड तापून जरा जागेवर येतात म्हणून. हे जोड किती नाजूक असतात त्याचा दाखला म्हणजे 2008 मध्ये एनव्हिडियाने सदोष पॅकेजिंगपायी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. भाजलेलं कार्ड काही आठवड्यांत पुन्हा तिथेच येतं, आणि ज्या ओव्हनमध्ये घरचं जेवण होतं त्यात फ्लक्स आणि प्लास्टिकचा धूर राहतो. दुकानात 'रीफ्लो' म्हणून हीट गन मारून देतात त्यालाही मी पैसे देणार नाही.

कार्ड बदलायचंच ठरलं तर, फार जड गेम नसतील तर सेकंडहँड जीटीएक्स 1050 टीआय कार्ड घ्या. 75 वॅटचं आहे, बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे एसएमपीएसवरचा भार उतरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या किंवा ऑनलाइन, पैसे देण्याआधी जीपीयू-झेडमध्ये कार्ड उघडून दाखवायला सांगा. जुन्या जीटीएस 450 कार्डावर बनावट बायोस (इथे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून ते 1050 टीआय म्हणून खपवतात, आणि 2018 नंतरची जीपीयू-झेडची आवृत्ती अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं दाखवते.

बायोसमध्ये काय दिसलं आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर किती अँपिअर आहेत, हे दोन्ही इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.