चौथी गोळी चेंबरच्या तोंडाशी का अडते?

प्रश्न : माझी मुलगी .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसांच्या स्पोर्ट पिस्तुलाने २५ मीटरचा सराव करते. गेल्या दोन महिन्यांपासून पाच गोळ्यांच्या सिरीजमध्ये चौथी किंवा पाचवी गोळी वर चढताना अडकते आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अर्धवट उघडी राहते. दुसऱ्या बनावटीची काडतुसे वापरून पाहिली, स्लाइडची स्प्रिंगही बदलली, पण उपयोग झाला नाही. रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी फीड रॅम्प (गोळीला नळीच्या मागच्या टोकातल्या चेंबरमध्ये चढवणारा उतार) पॉलिश पेपरने घासायला सांगितले आहे. ते करावे का?
— एक पालक, इंदूर

उत्तर : कृपया रॅम्पला हात लावू नका. पाचही गोळ्या त्याच रॅम्पवरून चढतात आणि पहिल्या तीन व्यवस्थित जातात, तेव्हा दोष रॅम्पचा असण्याची शक्यता फार कमी आहे. शिवाय घासून गेलेला धातू पुन्हा भरून येत नाही.

शेवटच्या गोळ्याच अडतात, ही आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आहे. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) रिकामे होत जाते तसा त्याच्या स्प्रिंगचा जोर कमी होतो, आणि ती थकलेली असेल किंवा गोळ्यांना वर ढकलणारी आतली पट्टी मळामुळे अडखळत असेल, तर स्लाइड पुढे येईपर्यंत गोळी पुरती वर आलेलीच नसते. तिचे नाक खाली राहते आणि चेंबरच्या खालच्या कडेवर आदळते. आपण बदललेली स्प्रिंग स्लाइडची होती, मॅगझिनची नव्हे.

.२२ च्या शिशाच्या गोळीवर बहुधा मेणाचा पातळ थर असतो. माळव्यातल्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात तो मऊ पडतो आणि दारूची काजळी व धूळ त्याला चिकटून मॅगझिनच्या आत काळपट लेप बसतो. मॅगझिन उघडून ते कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावे. आत तेल घालू नये, कारण तेलावर मळ आणखी धरतो.

पुन्हा गोळी अडकली की नळी लक्ष्याकडे ठेवून आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून प्रथम मॅगझिन काढावे, अडकलेली गोळी बाहेर घ्यावी, चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी आणि मग ती गोळी उजेडात धरून पाहावी. मऊ शिशावर नखाने ओरखडल्यासारखी बारीक चंद्रकोर उमटलेली दिसेल. ती नाकाच्या खालच्या बाजूस असेल तर वरचे निदान खरे समजावे; वरच्या बाजूस असेल तर मॅगझिनचे ओठ (तोंडाच्या आत वळलेल्या कडा) फाकले असण्याचा संशय घ्यावा. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाने दोन वेळा स्प्रिंगा बदलून घेतल्या होत्या, आणि दोष निघाला तो फरशीवर पडून केसभर वाकलेल्या एका ओठाचा.

आपल्याकडे दोन मॅगझिने असतील तर दोन्हींवर रंगाने १ आणि २ असे आकडे घालावेत, एकाच खोक्यातली काडतुसे घेऊन प्रत्येक मॅगझिन दहा वेळा भरावे आणि कोणत्या मॅगझिनची कितवी गोळी अडली ते वहीत टिपावे. भरताना प्रत्येक गोळीच्या बुडाची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे राहील याकडे लक्ष द्यावे, कारण ती मागे गेली की दोन काडतुसे एकमेकांत अडकतात.

एकच मॅगझिन दोषी ठरले तर नवे घेणे उत्तम. दोन्हींत तोच त्रास असेल तर चेंबर पाहावे. तिथे शिसे व मेणाचे कडे जमले असल्यास पितळी ब्रशने ते निघते. मात्र रिकाम्या चेंबरवर ड्राय फायरिंग (गोळी न घालता ट्रिगर ओढण्याचा सराव) करण्याची सवय असेल तर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी कांडी) चेंबरच्या कडेवर आदळून तिथे उंचवटा तयार होऊ शकतो; ते काम परवानाधारक आर्मररकडेच (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच) द्यावे. गोळी झाडल्यावर उरलेली रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल, तर तो दोष बाहेर फेकण्याचा आहे. त्यासाठी एक्स्ट्रॅक्टरखालचा (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीखालचा) मळ, कमी वेगाची काडतुसे आणि सैल मनगट यांचा विचार करावा.

इंदूरजवळच्या महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिटचे तेव्हाचे नेमबाज विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकला ज्या रॅपिड फायर प्रकारात रौप्यपदक मिळवले, त्यात शेवटच्या टप्प्यावर ४ सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. आपल्या मुलीच्या प्रकारात रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात, आणि अडकलेली गोळी सोडवायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून स्पर्धेत गोळी अडली तर स्लाइड ओढण्याचा मोह टाळून, पिस्तुलाची पकड न सोडता नळी लक्ष्याकडे ठेवावी आणि मोकळा हात वर करून रेंज अधिकाऱ्यांना कळवावे. याचाही सराव तिच्याकडून आतापासूनच करून घ्यावा.