एक विषय राहिला आणि अख्खं वर्ष गेलं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पदवी लांबली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘आळस’. या वेळी आलेल्या पत्रांत आळशी माणूस शोधून सापडत नाही. सापडतात ती चुकलेली गणितं, आणि ती चुकल्याचं कळायला बहुतेकांना शेवटचं वर्ष उजाडलं आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात फक्त गणित-१ राहिलं, बाकी सगळे विषय चांगल्या गुणांनी सुटले. तरी विभागात सांगितलं की चारऐवजी पाच वर्षं लागतील. एका विषयाने वर्ष कसं जातं?

विषय एकच आहे, पण तो साखळीची पहिली कडी आहे. कागदावर आठ चौकोन काढ, एकेका सत्राचा एकेक. समजा तुझ्या शाखेत गणित-१ पहिल्या सत्रात, गणित-२ दुसऱ्यात, विद्युत मंडलं तिसऱ्यात, संकेत व प्रणाली चौथ्यात, नियंत्रण प्रणाली पाचव्यात, आणि प्रकल्पाचे दोन भाग सातव्या-आठव्यात आहेत. प्रत्येक विषयाला आधीचा विषय सुटलेला असणं ही पूर्वअट. या साखळीत रिकामी जागा एकच, सहावं सत्र.

आता विषय वर्षातून एकदाच शिकवले जात असतील तर काय होतं ते बघ. गणित-१ पुन्हा मिळणार तिसऱ्या सत्रात. मग गणित-२ चौथ्यात, मंडलं पाचव्यात, संकेत सहाव्यात, नियंत्रण सातव्यात. प्रकल्पाचा पहिला भाग आठव्यात घ्यावा म्हटलं तर तो विषम सत्रातच असतो, म्हणून नववं सत्र. दुसरा भाग दहाव्यात. पाच वर्षं झाली. हेच सगळे विषय दर सत्रात मिळत असते तर गणित-१ दुसऱ्या सत्रात सोडवून नियंत्रण प्रणाली सहाव्यात आली असती, आणि प्रकल्प ठरल्या वेळी सातव्या-आठव्यात. म्हणजे वर्ष जातं ते नापास होण्याने कमी आणि वेळापत्रकाने जास्त.

म्हणून तुला तीन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि त्या या आठवड्यात. पहिली, दुसरं सत्र सुरू होण्याआधी पुरवणी परीक्षा आहे का? असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच दे. ‘सुट्टीत बघू’ म्हणून दुसऱ्या सत्रानंतरच्या सुट्टीत गणित-१ सोडवलंस, तरी गणित-२ चौथ्या सत्राशिवाय मिळणार नाही. उशीर तेवढाच राहील. ही चूक फार मुलं करतात. दुसरी, पूर्वअट ‘उत्तीर्ण’ अशी आहे की ‘वर्गाला बसून परीक्षा दिलेली’ इतकीच आहे? नियमावलीतला नेमका शब्द वाच, वरच्या वर्गातल्या मुलांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. तिसरी, गणित-१ आणि गणित-२ एकाच वेळी घ्यायची लेखी परवानगी मिळते का? अनेक ठिकाणी विभागप्रमुखांना तो अधिकार असतो. अर्जासोबत तुझा आठ चौकोनांचा कागद जोड. तो जोडलेला असला की समोरच्याला अडचण एका नजरेत कळते.

आणि अभ्यासाबद्दल. पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नकोस. उत्तरपत्रिकेची प्रत मागव आणि गेलेला प्रत्येक गुण तीन ढिगांत टाक : सोडवलंच नाही, रीत चुकली, आकडेमोड चुकली. समाकलनाच्या गणितात आंशिक अपूर्णांकांपर्यंत येऊन तू अडकली असशील, तर बघ, बहुधा छेदाचे अवयवच पडलेले नसतील. तो धडा शाळेतला आहे. चार दिवस अवयव, घातांक आणि त्रिकोणमितीची सूत्रं घोटलीस तर पुढचा महिना सोपा जाईल. शाळेतली ही फट बुजवली नाही तर दुसऱ्यांदाही त्याच ओळीवर पेन थांबतं.

प्रश्न : आमची मुलगी परदेशात शिकते. एकदाही नापास नाही, दर सत्रात पूर्णवेळ विद्यार्थिनी म्हणून नोंद. चार वर्षं झाली, तरी म्हणते अजून एक वर्ष आहे. आमच्यापासून काही लपवते आहे का?

लपवत असेलच असं मुळीच नाही. अमेरिकेत शिकत असेल तर तिथे पदवीला साधारण 120 क्रेडिट, म्हणजे विषयांना अभ्यासाच्या तासांनुसार मिळणारे श्रेयांक, लागतात. आठ सत्रांत 120, म्हणजे दर सत्राला 15. पण शासकीय आर्थिक मदतीसाठी ‘पूर्णवेळ’ धरलं जातं ते 12 क्रेडिटपासून. दर सत्रात 12 घेणारी मुलगी सगळे नियम पाळते, मदतही मिळवते, आणि आठ सत्रांनंतर तिच्या खात्यात 96 असतात. उरलेले 24 म्हणजे याच वेगाने आणखी दोन सत्रं. बरोबर एक वर्ष! ही फसगत इतकी सर्रास आहे की हवाई विद्यापीठाने ‘पूर्ण करायला पंधरा’ अशा अर्थाची मोहीमच काढली आणि पुढे अनेक राज्यांनी ती उचलली. तिथली पदवीच्या प्रमाणाची अधिकृत आकडेवारीसुद्धा चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं, म्हणजे दीडपट मुदत, धरून मोजली जाते. तेव्हा महाविद्यालयाने दाखवलेली टक्केवारी ‘चार वर्षांत’ची की ‘सहा वर्षांत’ची हे प्रवेशाआधीच विचारावं.

युरोपात शिकत असेल तर हिशेब वेगळा : वर्षाला 60 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. वर्षाला 1500 ते 1800 तास. एक विषय मागे पडला की किती तास देणं झालं ते त्यावरून लगेच काढता येतं.

दुसरी शक्यता अशी की क्रेडिट पुरेसे आहेत, पण चुकीच्या कप्प्यात पडले आहेत. पदवीचे कप्पे असतात : मुख्य विषय, सर्वांसाठीचे अनिवार्य विषय, मुक्त निवड. मुक्त निवडीचा कप्पा भरला की त्यानंतर घेतलेला विषय गुणपत्रकावर दिसतो, पण पदवीच्या हिशेबात धरला जात नाही. मुलीला रागावून विचारण्याऐवजी तिच्या पोर्टलवरून पदवीच्या पूर्ततेचा तक्ता काढायला सांगा आणि दोघींनी मिळून तो वाचा. एकूण बेरजेकडे बघू नका. कोणत्या ओळीपुढे ‘अपूर्ण’ आहे तेवढं बघा.

प्रश्न : शाखा बदलायची आहे. किती उशिरापर्यंत बदलली तर वर्ष जात नाही?

तारीख सांगता येत नाही, मोजणी सांगता येते. झालेल्या विषयांपैकी नव्या शाखेत किती ‘मुख्य’ म्हणून धरले जातात आणि किती नुसते मुक्त निवडीत ढकलले जातात, हे नव्या विभागाकडून लेखी घ्या. मग नव्या शाखेतली सर्वांत लांब साखळी मोजा. ती सहा विषयांची असेल आणि तुमची पाच सत्रं उरली असतील, तर हुशारी कितीही असो, वेळेत होणार नाही. ती चार विषयांची असेल तर खुशाल बदला. न आवडणाऱ्या शाखेत तग धरून दर सत्रात एकेक विषय मागे टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न : आठवड्याला 25 तास नोकरी करतो. पाच विषय घेतले आहेत, दोन हातचे जाणार असं दिसतंय. कोणता सोडू?

आधी बेरीज करा. पाच विषयांचे 15 क्रेडिट धरले, तर एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. 45 तास. त्यात नोकरीचे 25. आठवडा 70 तासांचा झाला, प्रवास वेगळाच. हे सोळा आठवडे कुणालाच झेपत नाही, तेव्हा विषय सोडण्यात कमीपणा नाही. पण बहुतेक जण सर्वांत अवघड विषय सोडतात, आणि तोच नेमका साखळीतला असतो. ज्याच्यावर पुढचं काही अवलंबून नाही तो सोडा.

सोडण्याच्या सहसा दोन मुदती असतात. पहिलीच्या आत सोडलेला विषय गुणपत्रकावर येतच नाही. दुसरीच्या आत सोडला तर ‘माघार’ अशी नोंद राहते, पण सरासरीला धक्का लागत नाही. त्यानंतर मात्र नुसतं वर्गात जाणं बंद केलं तर नापासच. आणि सोडण्याआधी हे बघा की उरलेल्या क्रेडिटवर शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा व्हिसा टिकतो का. शिक्षकांनी सहानुभूतीने ‘अपूर्ण’ शेरा दिला, तर राहिलेल्या कामाची यादी आणि तारीख लेखी मागून घ्या. हा शेरा ठराविक मुदतीनंतर सहसा आपोआप नापास होतो, आणि पुढचं सत्र सुरू झालं की तो सगळेच विसरतात.

प्रश्न : पदव्युत्तरचे सगळे पेपर सुटले, प्रबंध दोन वर्षं रेंगाळला आहे. गाईड म्हणतात लिहून आणा, मी म्हणते आधी वाचून द्या.

पेपरला तारीख असते, प्रबंधाला नसते. रेंगाळतो तो त्यामुळे. तारीख तुम्हीच घाला आणि शेवटाकडून मोजत या. सह्या, साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना याची), मांडणी आणि अपलोड यांना दोन आठवडे. त्याआधी दुरुस्त्यांना दोन. त्याआधी गाईडना संपूर्ण मसुदा वाचायला तीन. म्हणजे जमा करायच्या दिवसाच्या सात आठवडे आधी सगळी प्रकरणं त्यांच्या टेबलावर हवीत. यात त्यांचा दौरा किंवा परीक्षांचा काळ येतो का ते आजच विचारा.

वाचून देण्याचा पेच असा सुटतो. पंधरा-वीस पानांहून जास्त एका वेळी पाठवू नका. सोबत तीनच प्रश्न लिहा, उदाहरणार्थ : ‘दुसरा तक्ता ठेवू की पुरवणीत टाकू? नमुना निवडीचं समर्थन पुरेसं आहे का? हा मुद्दा तिसऱ्या प्रकरणात हलवू का?’ आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच मेलमध्ये टाका. ‘सर, वेळ मिळेल तेव्हा बघा’ हे वाक्य आदराने लिहिलेलं असतं, पण त्याने महिने जातात. सुरुवात पद्धतीच्या प्रकरणापासून करा. काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, ते लिहायला स्फूर्ती लागत नाही. प्रस्तावना सर्वांत शेवटी.

जे अजून विषय ठरवत आहेत त्यांच्यासाठी : माणसांवर अभ्यास असेल तर नैतिक समितीची मंजुरी आधी, माहिती गोळा करणं नंतर. मंजुरीआधी भरून घेतलेल्या प्रश्नावल्या सहसा वापरता येत नाहीत. सहा महिन्यांचं काम असं टाकून द्यावं लागताना बघणं फार वाईट.

प्रश्न : सगळे विषय सुटले, पण पदवीधरांच्या यादीत नाव नाही.

ऑफिसात जाऊन पुढचं विचारा, याच क्रमाने : पदवीसाठीचा अर्ज भरला होता का (अनेक ठिकाणी तो आपोआप होत नाही), ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेची बाकी, पुनर्मूल्यांकनात सुधारलेला गुण चढला का, दुसऱ्या संस्थेतून आणलेल्या विषयांचं मूळ गुणपत्रक पोचलं का, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. एकट्या शिक्षिकेच्या हातात यातलं काय आहे?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली दोन वर्षांच्या पदवीसाठी एक योजना सुरू केली : पूर्णवेळ नोंदणी सक्तीची, प्रत्येक सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी आणि वारंवार भेटी, जास्तीची शिकवणी, पुस्तकांना आणि प्रवासाला मदत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटाशी तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण योजनेबाहेर सुमारे 22 टक्के आणि योजनेत 40 टक्के निघालं. या सगळ्या गोष्टी एकत्र दिल्या होत्या, त्यामुळे त्यातली एकच उचलून तेवढा फरक पडेल असं नाही. पण भेटीचा भाग तुमच्या हातात आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हजेरी आणि पहिली चाचणी समोर ठेवा, आणि जे दोन्हींत मागे आहेत त्यांना नावाने बोलवा. वर्गात केलेली सूचना नेमकी तीच मुलं ऐकत नाहीत, कारण ती वर्गात नसतात.

प्रश्न : दोन सत्रं मी कॉलेजला गेलोच नाही. झोप लागत नाही, खोलीबाहेर पडवत नाही. घरी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, यंदा पदवी होईल.

तू हे लिहिलंस, हे फार बरं केलंस. आधी तब्येत : झोप नसणं आणि बाहेर पडता न येणं यासाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेट. जगणं नको असे विचार येत असतील तर आठवड्याचीही वाट बघू नकोस, आजच जवळच्या माणसाला सांग आणि दवाखान्यात जा.

कॉलेजच्या दृष्टीने न सांगता गैरहजर राहणं आणि मंजूर रजा घेणं यांत मोठा फरक आहे. रजेचा काळ काही ठिकाणी पदवीच्या कमाल मुदतीत धरत नाहीत, गैरहजेरीचा धरतात. आजारपणाचे कागद असतील तर मागच्या तारखेपासून माघार मिळण्याची सोय काही ठिकाणी असते, म्हणून डॉक्टरांकडून त्रास कधीपासून आहे तेही लिहून घे. ऑफिसात एकटा जाऊ नकोस, एखाद्या मित्राला सोबत ने. बरोबर आत्तापर्यंतची गुणपत्रकं आणि डॉक्टरांचा कागद ने, आणि दोनच प्रश्न विचार : माझी कमाल मुदत कधी संपते, आणि परत यायला अर्ज कोणत्या तारखेच्या आत करायचा.

घरी सांगायला या उत्तरांची वाट बघायची गरज नाही, पण ती हातात असली तर बोलणं सोपं जाईल. समोरासमोर जमत नसेल तर तू आम्हाला लिहिलंस त्यातल्या पहिल्या तीन ओळी तशाच आईला पाठव.