पीएचडीसाठी आठ दिवसांत पैसे घेऊन पेपर छापून देणाऱ्या जर्नलकडे पाठवावा का?

नको. खरंखुरं परीक्षण होऊन पेपर स्वीकारायला बहुतेक ठिकाणी काही महिने जातात. आठ दिवसांत छापणाऱ्याने तो धड वाचलेलाही नसतो. आयएसएसएन दाखवतील, पण तो नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. फी मागितली म्हणजे लगेच बोगस असंही नाही म्हणा. ओपन ॲक्सेसवाली (वाचकांना फुकट वाचता येणारी) चांगली जर्नलंही घेतात, फक्त आकडा आधीच वेबसाइटवर दिलेला असतो.

'आम्ही यूजीसी-केअर यादीत आहोत' असं अजूनही कुणी सांगत असेल तर कान टवकारा. २०१९ मध्ये आलेली मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली.

आणि एवढी घाई कशाला? २०२२ च्या नियमांपासून प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा वेगळा नियम आहे का, तेवढं मार्गदर्शकांना विचारा.

तरीही मोह होत असेल तर संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर लिहून पाहा. अशा जर्नलांत काहींना आपलं नाव तिथे आहे याचा पत्ताच नसतो.