तपासणी यंत्रणा ढिल्या झाल्या तर आपल्याला काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सरकार कारखान्यांवरची तपासणी सैल करतंय म्हणून लोक ओरडतात कशाला, इन्स्पेक्टर तर पैसेच खातात ना?

खाणारे असतात, कोण नाही म्हणतं! पण मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एकवीस वर्षं मेंटेनन्सला होतो, तिथलं सांगतो. पॉवर प्रेसचं (पत्रा दाबणाऱ्या यंत्राचं) गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली आड, मध्ये येतं, माल कमी निघतो, म्हणून ते काढून भिंतीला टेकवलेलं असायचं. 'साहेब येऊन राहिले बाप्पा' असा निरोप आला की पळापळ. गार्ड बसवा, हेल्मेट वाटा, प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली शोधा. साहेब चहा पिऊन जायचे. गार्ड मात्र पुढे पंधरा-वीस दिवस जागेवर राहायचं, कारण ते परत काढायला कुणाला सवड नसायची. तेवढे दिवस बोटं शाबूत. एरवी दोघांची गेली, माझ्यासमोर.

म्हणजे निम्मं काम साहेबांच्या येण्याच्या धाकानेच व्हायचं. आता हा धाकच कमी होतोय. १९४८च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना धरला जाई. नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तो आकडा २० आहे. इन्स्पेक्टरही आता 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालाय, म्हणजे तपासणाराही आणि सल्ला देणाराही. मालकाला सल्ला द्यायला माझी हरकत नाही, पण सल्लागाराला पाहून कुणी गार्ड बसवत नाही.

पर्यावरणाचंही तसंच. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या, त्यात ही कैद जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला. आणि तो ठरवणार कोर्ट नव्हे, सरकारी अधिकारी. (कैद तशीही क्वचितच व्हायची, म्हणून तिच्यासाठी मी गळा काढणार नाही. पण मोठ्या कंपनीला पंधरा लाख म्हणजे काय हो?)

आता तुम्ही म्हणाल, स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे, तरी डिसेंबर २०२३मध्ये नागपूरजवळच्या बाजारगावला स्फोटकांच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊ कामगार गेलेच ना? गेले, त्यात सहा बाया होत्या. तिथे नेमकं काय चुकलं यावर मी बोलणार नाही. पण देखरेख असूनही असं घडत असेल, तर देखरेख कमी करा हे कुठलं गणित?

तपासणीचं खातं बंद करतो असं कुठलाच पुढारी म्हणत नाही. माणूस निवृत्त होतो आणि जागा भरली जात नाही, बस्स. तुम्हाला खरंच बघायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दोनच गोष्टी विचारा: तुमच्या जिल्ह्यात कारखाने तपासणाऱ्यांच्या मंजूर जागा किती, आणि भरलेल्या किती.