"मॅडम, नर्सिंगच सोडू का?"

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या रुग्णालयांतून समुपदेशनाला येणाऱ्या सिस्टर बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. इथे मांडलेली केस एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डला असलेल्या स्टाफ नर्सची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, वय एकतीस, राहायला कळव्याला. घरी नवरा, सासूबाई आणि पहिलीतला मुलगा. बारा तासांची ड्युटी, आठ ते आठ.

"पूर्वी बेल वाजली की पाय आपोआप वळायचे. आता आधी राग येतो. नोकरी झेपत नाहीये की मीच वाईट झालेय, तेवढं सांगा."

येण्याचं निमित्त मात्र वेगळं होतं. सलग पाचव्या नाइटला, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, ११ नंबरच्या बेडचं अँटिबायोटिक तिने १२ नंबरच्या सलाइनच्या लाइनला जोडायला घेतलं. पेशंटच्या मनगटावरचा नावाचा बँड बघितला म्हणून हात थांबला. पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून ड्युटीला निघताना तिच्या पोटात गोळा यायचा. मेमो मिळेल या भीतीने तिने कोणाला सांगितलंही नव्हतं.

बेलचा राग येणं हा स्वभावाचा दोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तिच्यात तीन गोष्टी येतात: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं आहे. म्हणूनच नर्सला नुसतं 'मेडिटेशन करा, पॉझिटिव्ह राहा' सांगून पाठवणं आम्हाला पटत नाही. अपुऱ्या स्टाफवर प्राणायाम हा इलाज नाही.

नैराश्य आहे का, हे मात्र आधी तपासावं लागतं. साधी खूण म्हणजे ऑफच्या दिवशी, घरी मुलासोबत असतानाही कशातच मन लागत नाही का? हे दोन आठवडे बहुतेक दिवस चाललं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर समुपदेशनाबरोबर मानसोपचारतज्ज्ञ हवेतच. अडीअडचणीला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. या सिस्टरचं तसं नव्हतं. ऑफला ती हसत-खेळत असायची, रविवारी संध्याकाळी ड्युटीचं रोस्टर बघितलं की कोमेजायची.

मग तिला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि पुढे एक अक्षर. 'द' म्हणजे दमवलं, 'च' म्हणजे चिडवलं, 'भ' म्हणजे भलं वाटलं. लिहायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं तर वही तिसऱ्या दिवशी बंद पडते, म्हणून यापेक्षा जास्त काही लिहायचं नाही. घरी जाऊन आठवून लिहिण्यातही अर्थ नाही, कारण तेव्हा अख्खी रात्र 'च'च वाटते.

वहीतल्या एका रात्रीचं पान असं होतं. '१०: औषधांची फेरी, मध्ये चार फोन, च. १२: फार्मसीकडे औषधांच्या मागणीचा पाठपुरावा, च. २: ७ नंबरचं सॅच्युरेशन उतरलं, सक्शन केलं, डॉक्टर आले, सुधारलं, द, भ. ४: इनटेक-आउटपुटच्या नोंदी, फाइली, च. ६: ३ नंबरच्या काकूंना इन्सुलिन पेन शिकवलं, भ.'

दोन आठवड्यांची पानं समोर ठेवल्यावर तिचं तिलाच दिसलं. 'च'च्या ओळींत पेशंट जवळपास नव्हतेच. होते फोन, फाइली, फार्मसी, आणि मधेच तोडलेली औषधांची फेरी. बेल वाजायची तेव्हा ती आधीच चिडलेली असायची. म्हणजे नर्सिंग नकोसं झालेलं नव्हतं, नर्सिंग करू न देणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या होत्या.

पण आधी झोप. पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला असतो. चुका तेव्हाच गाठतात, आणि झोपेची थकबाकी असेल तर जास्तच. ही घरी पोचायची साडेनऊला, नेरुळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि पुढे कळवा. मग डबा, भाजी, कपडे, आणि झोप बारा ते तीन. सकाळ चढते तसं शरीराचं घड्याळ जागं करत जातं, त्यामुळे उशिरा घेतलेली झोप तुटकच लागते. तेव्हा क्रम उलटा केला: हलकं खाऊन दहाला झोपायचं, दीड-दोनपर्यंत, स्वयंपाक त्यानंतर, निघण्याआधी संध्याकाळी पुन्हा दीड तास. खिडकीला जाड काळा पडदा, सकाळी स्टेशनवरून येताना गॉगल, शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. ब्रेकमध्ये झोपायचं तर गजर वीस मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून उठल्या उठल्या औषधाला हात लावायचा नाही, दहा मिनिटं जाऊ द्यायची.

कागदावर हे सोपं आहे. घरात 'सून दिवसाढवळ्या झोपते' हा विषय निघतोच. इथे सुनेने सासूला समजावण्यापेक्षा नवऱ्याने आपल्या आईशी बोललेलं चालतं. दुपारी दोनपर्यंत दार लोटलेलं, मोबाइल बंद, कुरिअर आला किंवा शेजारच्या काकू आल्या तर सासूबाई बघतील, एवढंच ठरलं. सासूबाईंना प्रश्न एकच होता: मग भाजी कोण आणणार? ती नवरा सकाळी आणू लागला.

रुग्णालयात मागणी कशी करायची, इथे बहुतेकजणी घसरतात. हिनेही ड्युटी बदलताना, सगळ्यांसमोर, इन्चार्ज सिस्टरना "खूप त्रास होतोय" असं सांगितलं होतं. "सगळ्यांनाच होतोय," हे उत्तर ठरलेलं. दुसऱ्यांदा तिने वेळ मागून घेतली आणि एका पानावर तीनच मुद्दे नेले. औषधांच्या फेरीत वॉर्डचा फोन दुसऱ्याने घ्यावा. सलग नाइट तीनच्या पुढे नकोत, आणि ज्या वॉर्डांत शिफ्ट फिरत्या आहेत तिथे रोस्टर सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढच्या दिशेने फिरावं, कारण शरीर उशिराकडे सरकायला कमी कुरकुरतं. हँडओव्हर (पुढच्या ड्युटीच्या सिस्टरकडे पेशंट सोपवणं) बेडपाशी, ठरलेल्या क्रमाने व्हावा: पेशंट कोण, आत्ता काय चाललंय, मागचं काय, माझं निरीक्षण काय, पुढे काय करायचं. शेवटी एक ओळ: 'चार आठवडे करून बघू, नाही जमलं तर बंद करू.' ही ओळ महत्त्वाची. कायमचा बदल द्यायला इन्चार्ज घाबरतात, प्रयोगाला क्वचित नाही म्हणतात.

पहाटेची ती अँटिबायोटिकची गोष्टही तिने निअर-मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या चुकीच्या, फॉर्मवर लिहून दिली. त्यात 'माझं चुकलं' एवढंच लिहून भागत नाही. वेळ, सलग कितवी नाइट, किती पेशंट, त्या फेरीत किती व्यत्यय, शेजारच्या बेडचं औषध एकाच ट्रेमध्ये होतं का, हे लिहायचं. मेमो आला नाही. ट्रे वेगळे झाले.

जे मिळालं नाही तेही सांगायला हवं. स्टाफ वाढला नाही. फोनचा नियम दिवसा चालला, रात्री मोडला, कारण रात्री वॉर्ड क्लार्कच नसतो. पगारही तोच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत नर्सना सरकारी नर्सइतका पगार द्यावा अशी शिफारस केली होती. हा मुद्दा एकटीने केबिनमध्ये मांडायचा नसतो, नर्सच्या संघटनेतून मांडायचा असतो.

राहिला 'भ'. इन्सुलिन शिकवणं तिच्या वहीत पुन्हा पुन्हा येत होतं, म्हणून वॉर्डातल्या मधुमेहाच्या डिस्चार्जचं शिकवणं तिने मागून घेतलं. पंधरा मिनिटं, पेशंटच्या हातात पेन देऊन: दर वेळी नवी सुई, आधी दोन युनिट हवेत सोडून बघणं, जागा बदलत राहणं, बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढणं, साखर उतरल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणं. पेशंटने करून दाखवल्याशिवाय सही नाही. इन्चार्जना हे सोयीचंच पडलं, आणि हिला आठवड्यातून दोन-तीनदा असं काम मिळू लागलं जे तिच्याशिवाय तितकं नीट झालं नसतं.

सोडण्याचा प्रश्न तिने सहा महिने पुढे ढकलला आहे, मिटवलेला नाही. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर आधी वॉर्ड बदलून बघायचा, डायलिसिस किंवा ओपीडी, मग रुग्णालय, आणि सगळ्यात शेवटी व्यवसाय. निघताना अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर हातात घ्यायचं, मूळ प्रमाणपत्रं एचआरच्या कपाटात अडकलेली नाहीत ना ते बघायचं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी काही झालं तरी चालू ठेवायची.