झोप येतेय हे ट्रकचालकाला कळत नाही का?

तुमचा प्रश्न असा, की झोप येतेय हे कळत असूनही ट्रकचालक गाडी बाजूला का घेत नाहीत, आणि वर हातात मोबाइल कशाला धरतात? मी मालवाहतुकीत गाड्यांचं वेळापत्रक लावतो, म्हणून उत्तर देतोय.

पेंग येतेय हे कळतं, पण डोळा नेमका कधी लागेल ते कळत नाही. दोन-चार सेकंदांची डुलकी लागून गेलेली पुष्कळदा आठवतसुद्धा नाही. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांत जवळजवळ 90 मीटर, तेही ब्रेकवर पाय न जाता. अशा अपघातांची खूणच ती. 2009 साली अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये महामार्गावर थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत ट्रक घुसला आणि 10 माणसं गेली. चालकाने ना ब्रेक मारला, ना स्टेअरिंग वळवलं. वेळ भर दुपारची. झोप अपुरी झालेली आणि काम सुरू केलं होतं पहाटे तीनच्या सुमारास. पहाट जशी वाईट, तशीच दुपारची उतरती वेळही वाईट, हे लोक विसरतात.

‘मग तास ठरवून द्या ना!’ असं कुणीही म्हणेल. दिलेत की. अमेरिकेत 14 तासांच्या पाळीत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, युरोपात साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं. पण नियम मोजतो ते ड्युटीचे तास. 2014 मध्ये न्यू जर्सी टर्नपाइकवर विनोदवीर ट्रेसी मॉर्गन यांच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं, त्यांचे सहकारी जेम्स मॅकनेअर जागीच गेले. ट्रकचालकाचे ड्युटीचे 14 तास तेव्हा भरले नव्हते. पण कामावर येण्याआधी तो घरून रात्रभर स्वतःची गाडी चालवत आला होता, आणि तपासाप्रमाणे 28 तास जागा होता.

आता गाडी बाजूला का घेत नाहीत ते. चालकाला पैसे बहुधा चाकं फिरली तरच मिळतात. माल भरायला किंवा गाडी खाली करायला नंबर लागेपर्यंत पाच-सहा तास गेटवर उभं राहिलं, तर ते कुणाच्याच खात्यात नसतात. झोप तिथेही होत नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. आणि पोहोचायची वेळ तीच राहते! मला विचाराल तर निम्मा अपघात त्या गेटवरच होतो. युरोपच्या 2006 च्या नियमांत, सुरक्षिततेला धोका होईल अशा रीतीने अंतरावर किंवा मालावर पैसे द्यायलाच बंदी आहे. हे कलम मला ब्रेकच्या नियमांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मोबाइलची गोष्ट वेगळी. तिथे चालकाची बाजू घ्यायला मी जाणार नाही. 2016 मध्ये इंग्लंडात ए-34 रस्त्यावर गाणं बदलता बदलता एक ट्रक थांबलेल्या गाड्यांवर गेला. एक बाई आणि तीन मुलं दगावली. गाडी चालवताना फोन वापरणार नाही, असं त्या चालकाने मालकाला तासाभरापूर्वीच सही करून दिलं होतं. कागदाने एवढंच होतं. सरळसोट रस्त्यावर तासन्‌तास काहीच घडत नाही, कंटाळलेलं डोकं काहीतरी शोधत राहतं, आणि फोन हाताशी असतो. तो हाताशी नसणं हाच त्यावर उपाय.

काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं यांनी फार तर काही मिनिटं निघतात. कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपलं तर थोडा वेळ तरतरी येते. बाकी औषध म्हणजे पुरती झोप.

तुम्ही कार चालवत असाल तर एवढं करा. पुढे वाहतूक तुंबलेली दिसली की लगेच चारही इंडिकेटर लावा, पुढच्या गाडीपासून अंतर राखून थांबा, गिअर टाकलेलाच ठेवा आणि मागे दोन-चार गाड्या येऊन थांबेपर्यंत आरशावरची नजर काढू नका.