ग्रॅनाडाला जा, पण ठेव मोडून नको

कराडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय ६१, यजमान ६५चे. ऑक्टोबरमध्ये मुलीच्या पदवीदानाला दोघं बर्लिनला निघालेत, विमानाची तिकिटंही काढून झालीत. त्या लिहितात, "एवढ्या लांब जातोच आहोत तर चार दिवस स्पेनमधलं ग्रॅनाडा बघून यावं, असं फार मनात आहे. १४९२ हे साल मी फळ्यावर शंभर वेळा लिहिलंय. एजंट दोघांचे २ लाख १० हजार सांगतो. ५ लाखांची ठेव फेब्रुवारीत पूर्ण होते, पण ती यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहे. मोडू का? भाचा म्हणतो, क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून घे." पेन्शनमध्ये घर चालतं, आरोग्य विमा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत, एप्रिलचं व्याज तिकिटांत गेलं, "एरवी ते खात्यात पडून असतं."

ताई, तुमच्या सहलीचे पैसे या शेवटच्या वाक्यात आहेत. १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. जुलै आणि ऑक्टोबरचे मिळून ६१,५०० झाले. घरखर्चाला हात न लावता.

आता मुळात खर्च किती, ते बघू. युरो जरा चढा, ११० रुपये धरतो. बर्लिनहून मालागापर्यंत जाऊन-येऊन विमान, सामानासकट, दोघांचं ३४० युरो. मालागाहून ग्रॅनाडाला बसनं दोनेक तास, दोन्ही वेळचे ६०. साध्या स्वच्छ हॉटेलात तीन रात्री २७०. अल्हाम्ब्रा हा तिथला प्रसिद्ध किल्लेवजा राजवाडा आणि शाही चॅपल वगैरे बघायला ७५, जेवणखाण २००, शहरातल्या बस-टॅक्सीला ६०. एकूण १,००५ युरो, म्हणजे साधारण १ लाख १० हजार. वर अडीअडचणीला ११ हजार धरा. १ लाख २१ हजारांच्या आसपास काम होतं. शेंगेन व्हिसा आणि प्रवास विमा बर्लिनसाठी काढताच आहात, ते स्पेनलाही चालतात. फक्त अर्जाच्या आराखड्यात हे चार दिवस आत्ताच दाखवा. व्हिसा बहुतेक वेळा मोजून दिलेल्या दिवसांचाच मिळतो.

एजंटाचा आकडा लबाडीचा आहे असं मी म्हणत नाही. त्याला एक प्रश्न मात्र नक्की विचारा: नासरी महाल, म्हणजे अल्हाम्ब्रातला सुलतानांचा मुख्य वाडा, आतून दाखवणार का? अल्हाम्ब्राचं नुसत्या बागांचं आणि किल्ल्याचं स्वस्त तिकीट वेगळं मिळतं. सिंहांचं प्रांगण, तिथले बारा दगडी सिंह आणि नक्षीचे खांब त्यात येत नाहीत. म्हणजे वाड्याच्या अंगणातून परत. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटानं आधीच वसूल करायचा कर, तोही कापला जाईल. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

उरलेले ६० हजार कुठून आणायचे? ठेव मोडून नाही. ७ टक्क्यांची तीन वर्षांची ठेव सप्टेंबरात, ३१ महिन्यांवर मोडली, तर बहुतेक बँका व्याजातून एक टक्का कापतात. पाच लाखांवर हे नुकसान १५ हजारांच्या घरात जातं. त्यापेक्षा शाखेत जाऊन त्याच ठेवीवर ६० हजारांची ओव्हरड्राफ्ट सोय, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, मागा. दर ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, म्हणजे ९ टक्के धरा. १ जानेवारीचं व्याज आलं की त्यात निम्मे फेडा, उरलेले फेब्रुवारीत ठेवीतून वळते होतील आणि एप्रिलच्या व्याजातून तुम्ही ती तूट भरून काढाल. एवढ्याला व्याज अडीच हजारांच्या आसपास पडेल. गुडघ्याचे पैसे जागच्या जागी. भाच्याला सांगा, कार्डाच्या हप्त्यांना वर्षाला चौदा-पंधरा टक्के पडतात, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावर जीएसटी.

खरी अडचण मला पैशांत नाही, यजमानांच्या गुडघ्यात दिसते. अल्हाम्ब्रा टेकडीवर आहे, आत तीन तास चालणं होतं. समोरचा आल्बायसिन मोहल्ला म्हणजे गोट्यांच्या फरसबंदीचा चढ. इसाबेल ला कातोलिका चौकातून सी-३० ही छोटी बस थेट वर जाते, आल्बायसिनकडे सी-३१ आणि सी-३२. टॅक्सीचे पैसे म्हणूनच हिशेबात धरलेत, ते वाचवायला जाऊ नका. आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा.

आता क्रम, कारण माझी चूक इथेच झाली होती. तिकिटावर नासरी महालात शिरायची वेळ छापलेली असते. मी ती मुख्य फाटकाची समजलो. निवांत आत शिरलो, बागेत फोटो काढत बसलो. तिथून महालापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं असतं हे कळलं तेव्हा माझी वेळ उलटून वीस मिनिटं झाली होती. दारावरच्या बाईनं पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, मान हलवली. युरोपातल्या त्या एका सकाळीसाठी केलेला सगळा खर्च बाहेरच्या भिंतीपाशी उभा राहिला. तेव्हा आधी अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट, पासपोर्टवरच्या नावानं. मग रद्द करता येईल असं हॉटेल. विमान सगळ्यात शेवटी, कारण स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. १२ ऑक्टोबरला स्पेनचा राष्ट्रीय दिन असतो, ती सुट्टी टाळा.

तिथे कार्ड मशीन विचारेल, रुपये की युरो? युरोच दाबा, रुपये दाबले की दुकानाकडची बँक स्वतःचा महागडा दर लावते.

जेवणाचे २०० युरो कमी वाटतील, पण ग्रॅनाडात पेयासोबत छोटी बशी, तापा, फुकट येते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, नाहीतर बशीत डुकराच्या मांसाची चकती असायची. तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घालून देतात, ती मागवा. कराडच्या माणसाला ओळख द्यावी लागणार नाही.

आणि शाही चॅपल चुकवू नका. २ जानेवारी १४९२ ला ज्यांनी हे शहर ताब्यात घेतलं, ते राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो तिथे पुरलेले आहेत. जुलैचं व्याज जमा झाल्याचा एसएमएस आला की त्याच दिवशी नासरी महालाच्या तिकिटाच्या मागे लागा.